पागाच्या गोळ्या आणि पिवळी पावडर



झोडणी आटोपली, पेंढा रचून झाला, घराकडच्या गोड्या जमिनीत वाल ओलीवर वर आलाय. खारातल्या पनवेल-3 ने या वर्षी बरा हात दिला, त्याचा हिशेब पुढच्या वेळी टाकतो. आज वेगळं लिहायचंय. शेतीचं नाही, पण शेवटी मातीपर्यंतच येऊन थांबलेलं. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. सूनबाई म्हणाली, "बाबा, करप्याचं लिहिता, युरियाचं लिहिता, मग हेही लिहा. फक्त चांगलं झालेलंच लिहायचं का?" तिचं बरोबर आहे.

आमचं जोहे म्हटलं की लोकांना गणपती आठवतात. घराआड कारखाना आहे, नाही म्हणायला जागा नाही. पण गावात शेतीही आहे, आणि भात कापून झालं की दादर-रावेच्या बाजूला खाडीवर पाग घेऊन जाणारे माझ्यासारखे काही जणही आहेत. ज्यांनी पाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गोल जाळं, खांद्यावर घेऊन असं फेकायचं की ते छत्रीसारखं उघडून पाण्यावर पडतं. कडेच्या दोरीला शिशाच्या गोळ्या असतात, त्यांच्या वजनाने घेर भराभर तळाला जातो. वजन कमी पडलं की घेर सावकाश बसतो आणि तेवढ्यात बोय खालून निसटते. माझ्या पागाला वीस वीस ग्रॅमच्या दोनशेच्या आसपास गोळ्या आहेत, म्हणजे चारेक किलो शिसं. दर हंगामात दगडात अडकून, दोरी कुजून पंधरा-वीस जातातच.

आमचे आबा शिशाचा पत्रा कापून दोरीभोवती गुंडाळायचे आणि दातांनी दाबून बसवायचे. अजूनही तसंच करतात, वय ऐंशी. पुढची गोळी हातात घ्यायच्या आधी दोन-चार गोळ्या गालात ठेवलेल्या, जशा बायका टाचण्या ओठांत धरतात तशा. लहानपणापासून हे बघितलेलं, त्यामुळे त्यात काही वावगं असेल असं कधी मनातच आलं नाही.

मी पत्रा सोडून ओतायला लागलो ते नोव्हेंबर 2023 मध्ये. आणि त्याच महिन्यात भाच्याने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतला एक म्हातारा गृहस्थ घरामागे शिसं वितळवतो, बंदुकीच्या गोळ्या ओततो, एका प्लास्टिकच्या डब्यात रंगीत पावडर घालून त्या खळाखळा हलवतो आणि पाव भाजायच्या भट्टीत ठेवतो. बाहेर काढल्या की हिरव्यागार, गुळगुळीत, जणू गोळ्या-बिस्किटांच्या बरणीतल्या. भाचा जिन्याच्या कठड्यांना पावडर कोटिंग करणाऱ्याकडे कामाला. तो म्हणाला, "मामा, ही तर आमचीच पावडर!"

तिकडे हा मोठा छंद आहे. त्याचं कारणही समजण्यासारखं आहे. शिसं मऊ, बंदुकीच्या नळीतून वेगाने जाताना आत घासून चिकटून बसतं. म्हणून आधी गोळीला मेण-चरबीचा लेप लावायचे, नाहीतर वरून तांब्याचं आवरण. आता ही पावडर ते काम करते. हे वाचून कोणाच्या मनात काही येत असेल तर आधीच सांगतो: आपल्याकडे परवान्याशिवाय बंदुकीची गोळी घरी बनवणं हा 1959 च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. डुकरं भात लोळवतात म्हणून पीक संरक्षणाचा परवाना असलेली ठासणीची बंदूक कोकणात काही घरांत आहे, पण परवाना त्या बंदुकीचा. घरात कारखाना काढायचा नव्हे. माझा विषय पाग आणि पागच. तरी गावात "हा गोळ्या ओततो" एवढंच पसरलं आणि एका संध्याकाळी पोलीस पाटील सहज आल्यासारखे आले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "जरा बघू तरी कसल्या गोळ्या." पाग पसरून दाखवला तेव्हा हसले. जाताना चार गोळ्या स्वतःच्या पागासाठी मागून घेऊन गेले.

सुरुवात माराने झाली. जोह्यात प्लास्टर काय, मागाल तेवढं मिळतं, आणि साचा कसा काढायचा हे पोरासोरांना माहीत. मी प्लास्टरचाच दोन भागांचा साचा केला, चार दिवस उन्हात वाळवला, आणि शिसं ओतलं. पहिली गोळी ठीक. दुसऱ्या वेळी साचा थुंकला. हो, थुंकला हाच शब्द. वितळलेलं शिसं फटकन वर उडालं, कोपरापासून मनगटापर्यंत सात-आठ डाग अजून आहेत. डोळा वाचला तो टोपीच्या कडेमुळे. नंतर कळलं की प्लास्टर हाताला कोरडं लागलं तरी त्याच्या घडणीतच पाणी असतं, आणि तीनशे सत्तावीस अंशांना वितळणारं शिसं त्यावर पडलं की त्या पाण्याची एकदम वाफ होते. गणपतीला चालतं ते शिशाला चालत नाही. मग ॲल्युमिनिअमचा साचा करून घेतला, मध्ये भोकासाठी सळई.

आता पावडरीचं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण दोन हिवाळे मला याने खरोखर आनंद दिला.

पावडर म्हणजे दळलेलं रेझिन आणि रंग, हळदीपेक्षा बारीक. कारखान्यात ती बंदुकीसारख्या पिचकारीतून फवारतात, पिचकारी तिला विजेचा भार देते, वस्तू जमिनीला जोडलेली असते, म्हणून पावडर जाऊन चिकटते. मग भट्टीत ती वितळून एकजीव होते आणि पक्की बसते. पातळ करायला तेल नाही, ब्रश नाही, ओघळ नाही. घरी पिचकारीच्या जागी प्लास्टिकचा डबा. डब्याच्या तळाला त्रिकोणात 5 हा आकडा असलेला घ्यायचा. त्यात थोडे प्लास्टिकचे मणी, चमचाभर पावडर, वीस-पंचवीस गोळ्या, आणि मिनिट-दीड मिनिट गोल गोल हलवायचं. घासण्याने भार तयार होतो. केसांवरून कंगवा फिरवून कागदाचे कपटे उचलायचो तोच खेळ. गोळ्या तारेत ओवून टांगायच्या, नाहीतर भोकं बुजतात, आणि दोनशे अंशांवर वीस मिनिटं. शिसं वितळायला अजून सव्वाशे अंश शिल्लक असतात, म्हणून ते जागचं हलत नाही. मात्र जुन्या भट्टीच्या चकतीवरचा आकडा खरा मानू नका. माझी दोनशे दाखवायची तेव्हा आतला वेगळा तापमापक दोनशे चाळीस म्हणायचा. आणि ही भट्टी पुन्हा खाण्यासाठी वापरायची नाही, हे आमच्या हिने पहिल्याच दिवशी बजावलं आणि तिच्यावर खडूने फुली मारली. घरात शहाणं कोण हे तेव्हाच कळायला हवं होतं.

गंमत हवेची. डिसेंबरात दुपारी, वारा कोरडा असताना, पावडर अशी चिकटायची की बोटाने पुसली तरी निघू नये. तोच डबा, तीच पावडर जुलैत काढली तर गोळ्या नागड्याच्या नागड्या. दमट हवेत भार टिकतच नाही. पावडरीच्या गुठळ्या झाल्या त्या वेगळ्याच. आपल्याकडच्या पावसाळ्यात हा छंद चालत नाही. भाताचा हंगाम आणि पावडरीचा हंगाम एकमेकांच्या आड येत नाहीत, याचंही मला तेव्हा कौतुक वाटलं होतं.

रंग मी पिवळा घेतला, चिखलात पडलेली गोळी दिसावी म्हणून. शेजारच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा एक कारागीर आहे, त्याचा हात बघत बसावा असा. त्याने एक गोळी बोटांत फिरवून पाहिली आणि म्हणाला, "काका, फिनिशिंग आमच्यापेक्षा भारी." त्या एका वाक्यावर मी पुढच्या शंभर गोळ्या केल्या असतील.

पागावर त्या कशा चालल्या? चिखलाच्या तळावर उत्तम. एका बाजूला पन्नास पिवळ्या आणि दुसऱ्या बाजूला पन्नास साध्या अशा बांधल्या होत्या. हंगामाच्या शेवटी चिखलातल्या पिवळ्या जशाच्या तशा, हात काळे होत नाहीत, दोरीही कमी काळवंडली. पण पुलाच्या खांबांजवळ, जिथे दगडावर कालवं असतात, तिथे पाच-सहा खेपांत कोटिंगचे टवके उडाले आणि आतलं करडं शिसं दिसायला लागलं. बंदुकीची गोळी एकदाच जाते. पागाची गोळी हजार वेळा आपटते.

मला वाटायचं, मी शिसं झाकलं, म्हणजे ते निर्धोक केलं. आबांनाही सांगायचो, "आता खुशाल दातात धरा."

फेब्रुवारी 2025 मध्ये नातीला पनवेलला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. तीन वर्षांची पोर, महिनाभर कुरकुरत होती, जेवत नव्हती, रक्त कमी, आणि अंगणातली माती खायची सवय. माती तर आपल्याकडे किती मुलं खातात, जंताचं औषध द्या, असं मीच म्हणालो. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन बघितलं आणि विचारलं, "काका, घरात बॅटरी, जुना रंग, शिसं असलं काही काम चालतं का?" मी गप्प. मला खरोखर वाटलं की माझं काम त्यात मोडत नाही, मी तर कोटिंग करतो. सूनबाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा ओतवणीत शिसं ओततात." परसाला लागून असलेल्या पडवीला आम्ही ओतवण म्हणतो. सांडपाणी तिथूनच जातं, आणि पोरीचं खेळणंही तिथेच.

रक्तातलं शिसं आलं 12. मायक्रोग्रॅम, एका डेसिलिटरला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या सूचनेत 5 किंवा वर आलं की शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करा असं आहे, आणि अमुक इतकं असलं तर चालतं अशी कुठलीच पातळी नाही. लहान मुलाच्या आतड्यातून ते मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शोषलं जातं, आणि अंगात लोह-कॅल्शियम कमी असलं तर आणखी. नुकसान मेंदूचं, आणि ते वरून दिसत नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या 2020 च्या अहवालात जगातली सुमारे 80 कोटी मुलं 5 च्या वर धरली आहेत. हा आकडा वाचून मला काही झालं नाही. 12 वाचून झालं.

डॉक्टर म्हणाले, या पातळीला शिसं बाहेर काढायचं औषध देत नाहीत. घरातलं शिसं बंद, लोह, दूध, नाचणी, हात धुणं, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. सगळं तुमच्याच कामामुळे असं छातीठोक सांगता येत नाही, असंही ते म्हणाले. जुन्या दाराचा रंग असेल, आणखी काही असेल. त्यांनी ते माझ्यासाठी म्हटलं असावं. मला त्याने बरं वाटलं नाही.

घरी आल्यावर मी जे आधी वाचायला हवं होतं ते वाचायला घेतलं. मी धुराला घाबरत होतो, म्हणून पंखा लावायचो. खरं तर चारशे अंशांच्या आसपास शिशाची वाफ फारशी होत नाही. घात करते ती मळी. वितळलेल्या शिशावर साय धरावी तशी करडी-पिवळी पूड जमते, ती शिशाचं ऑक्साइड. जुने वैद्य मुरदाडशिंग म्हणायचे ते याच घराण्यातलं, आणि पारंपरिक शेंदूर हाही शिशाच्या ऑक्साइडचाच. पळीने ती मळी काढताना तिची धूळ उडते, आणि माझा पंखा ती धूळ नेमाने अंगणभर पसरवत होता. उरलेली मळी मी कुठे टाकायचो? चुलीमागे, अळवाच्या वाफ्याच्या कडेला. राखेसारखी दिसते, म्हणून राखेसारखी टाकली.

म्हणजे मी झाकत होतो ती गोळी, आणि उघडं ठेवत होतो ते सगळं बाकीचं. कोटिंगने हातातलं आणि दातातलं शिसं थोडंफार अडतं, जोवर टवका उडत नाही तोवर. ओतण्याचा धोका त्याने एक कणभर कमी होत नाही. उलट गोळ्या छान दिसतात म्हणून मी गरजेपेक्षा चौपट ओतल्या. आणि वर आणखी एक: पिवळ्या, केशरी, लाल रंगांत लेड क्रोमेट हा शिशाचाच रंग वापरण्याची जुनी रीत आहे. घरगुती रंगांत आपल्याकडे 2016 च्या नियमांनी शिसं 90 पीपीएमच्या वर चालत नाही, पण माझी पावडर कारखान्याच्या कामाची, सुटी, पिशवीवर काहीच लिहिलेलं नाही. भाच्याला विचारायला लावलं. दुकानदाराला सांगता आलं नाही. म्हणजे शिसं झाकायला मी कदाचित शिसंच वापरत होतो.

आता माती. कृषी खात्यातले आणि विद्यापीठातले जे कोणी वाचत असतील त्यांनी इथे जरा लक्ष द्यावं. माझ्याकडे परसाची मृद आरोग्य पत्रिका होती, सगळे बाराच्या बारा निकष भरलेले: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन. शिसं त्यात नाही. त्यासाठी नमुने खासगी प्रयोगशाळेत पाठवले. चुलीजवळच्या वरच्या दोन इंचात किलोला 1,140 मिलिग्रॅम. अळवाच्या वाफ्यात 310. वालाच्या शेतात 22. तुलनेसाठी सांगतो, अमेरिकेत घराभोवतीच्या मातीसाठीची सावधानतेची रेघ 2024 मध्ये 400 वरून 200 वर आणली.

शिसं मातीत कुजत नाही, खाली झिरपूनही फारसं जात नाही, वरच्या थरात धरून बसतं. अमेरिकेत सफरचंदाच्या बागांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपासून लेड आर्सेनेट फवारायचे, 1988 मध्ये ते पूर्ण बंद झालं, पण जुन्या बागांच्या मातीत ते अजून सापडतं. माती आम्ल असली की पिकाला ते जास्त मिळतं. माझ्या परसात भरावाची तांबडी माती, सामू साडेपाच. चुना, कंपोस्ट, स्फुरद दिलं की बांधलं जातं, नाहीसं होत नाही. फळभाजीत कमी येतं, पाल्यात आणि कंदात जास्त. त्यातही पावसात पानावर उडालेल्या मातीचा वाटा मोठा. म्हणजे अळू, जे आम्ही पावसाळाभर आवडीने खाल्लं, तेच नेमकं नको होतं. तो वाफा काढला. तिथे पेंढ्याचं जाड आच्छादन आहे आणि कडेला भोपळ्याचा वेल, तोही सध्या बघण्यापुरताच.

चूल मोडली. साचा पोटमाळ्यावर आहे, तो फेकवत नाही. ओतवणीची जमीन झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, कारण झाडलं की धूळ उडते. हे सूनबाईने लावलेलं शिस्तीचं काम, आणि ते मी करतो. पागाला लागणाऱ्या गोळ्या आता तयार विकत घेतो. तेही शिसंच आहे, हे मान्य. ब्रिटनमध्ये 1987 पासून एक औंसाखालची बहुतेक शिशाची वजनं विकायला बंदी आहे, कारण तळ्यातले राजहंस ती खडे समजून गिळायचे आणि मरायचे. वजनाच्या हिशेबाने माझी वीस ग्रॅमची गोळी त्या मर्यादेत बसते. लोखंडी नट लावून पाहिले, वजनाला फुगीर होतात आणि दोन महिन्यांत गंजून दोरी खातात. पितळ परवडत नाही. ज्याने कोणी खाऱ्या पाण्यात दुसरं काही चालवून पाहिलं असेल त्याने जरूर सांगावं.

आबांचं रक्त तपासायचं म्हटलं तर ते चिडले. "ऐंशी वर्षं काय झालं नाय, आता काय व्हायचं?" मी वाद घातला नाही. एक पक्कड आणून त्यांच्या टोपलीत ठेवली. ती वापरतात, पण मी समोर असलो तर.

ऑगस्टमध्ये नातीचं आलं 7. हिमोग्लोबिन दोनने वाढलं. अजून 5 च्या खाली नाही. डॉक्टर म्हणाले हाडात साठलेलं सावकाश सुटतं, वेळ लागेल. पुढची तपासणी फेब्रुवारीत. पोर आता खाते-पिते, अंगणात जाऊ देत नाही म्हणून माझ्यावर रुसते.

चुलीजवळची माती मी वीतभर खणून गोणीत भरली. सहा गोण्या झाल्या, वर प्लास्टिक गुंडाळून गोठ्याच्या मागे, सिमेंटच्या कोब्यावर उभ्या आहेत. बांधावर टाकायची नाही, ओढ्यात नाही, खारात तर नाहीच. पंचायतीत विचारलं, तालुक्याला विचारलं, कोणी हो म्हणत नाही आणि कोणी नाहीही म्हणत नाही. पाऊस सुरू होण्याआधी त्यांची सोय लावायची आहे. अशी माती रीतसर कुठे देता येते हे कोणा जाणकाराला पक्कं ठाऊक असेल तर कळवा, टेम्पोचं भाडं मी देईन.